लाळेतील विकर

पाच आठवडे ऊन पडले नव्हते. त्याला पाऊस म्हणावे असेही नव्हते. आभाळ नुसते झिरपत होते. रोपवाटिकेच्या हिरव्या जाळीखाली पानांवरून पानांवर, पिशव्यांवरून पिशव्यांवर थेंब उतरत होते, पायवाटेवर शेवाळ धरले होते, आणि चाकूच्या लाकडी मुठीला एका रात्रीत बुरा चढत होता. कलमवाली तो सकाळी अंगठ्याने पुसून टाकी आणि ठोकळ्यावर कामाला बसे.

डाव्या हाताला खुंटरोपांच्या पिशव्या, उजव्या हाताला ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या आंब्याच्या काड्या. खुंटाचा शेंडा उडवायचा, मधोमध दोन बोटे खोल चीर द्यायची, काडी दोन्ही अंगांनी तासून तिची पाचर करायची, ती चिरेत उतरवायची, सालीला साल भिडली की प्लास्टिकची पट्टी आवळायची. यात एकच जागा नाजूक होती. तासलेली काडी वाऱ्याला उघडी राहिली की कोरडी पडते, आणि कोरडी काडी जीव धरत नाही. गोणपाटात परत ठेवावी तर नको इतकी भिजते. म्हणून चीर देऊन होईपर्यंत कलमवाली ती ओठांत धरी. तिची आई असेच करी, आईची आईही. तिच्या हातची शंभरातली चौऱ्याण्णव कलमे जगत, आणि उरलेल्या सहांची आठवण तिला कलमनिहाय असे.

“ताई,” पिशव्यांत माती भरणारी बुटकी म्हणे, “दिवसभर तुझ्या तोंडात काडी असते म्हणून तुझा संसार धड चाललाय. तोंड मोकळं असतं तर दादांचं काही खरं नव्हतं.”

ओठांत काडी असताना हसता येत नाही. कलमवाली भुवया उंचावी, आणि बुटकीला तेवढे पुरे होई.

त्या आठवड्यात तिसऱ्या ओळीतल्या कलमांच्या कोवळ्या, तांबूस पानांवर टाचणीच्या टोकाएवढे काळे ठिपके दिसले. पहिल्या दिवशी ते बोटाने पुसले जातील असे वाटत होते. चौथ्या दिवशी ठिपक्याला ठिपका मिळाला, पाने कडेने वळली, आणि शेंडा वरून खाली, सांध्याच्या दिशेने, काळा पडत आला. तिने एक पान खुडून उजेडाकडे धरले.

तो करपा होता. तिला तो पानाच्या वरूनच नव्हे, पानाच्या आतूनही ओळखता येत होता, कारण तिने तो एके काळी अकराशे वेळा कापला होता.

नवऱ्याचा धाकटा भाऊ वनस्पतींच्या रोगांवर संशोधन करी. लोक त्याला आधी पानांचा डॉक्टर म्हणत, आणि पुढे थट्टेतला पानांचा भाग गळून नुसता डॉक्टर उरला. ती लग्न होऊन या घरात आली तेव्हा तो पाढे पाठ करण्याच्या वयाचा होता, आणि तेव्हापासून ती त्याला अरे-तुरे करत आली होती. सहा वर्षांपूर्वी त्याचा प्रबंध अडला. बुरशी पानात शिरताना दाखवायची, तर पानाचा काप इतका पातळ हवा की त्यातून उजेड आरपार जावा; प्रयोगशाळेतल्या यंत्रात कोवळे पान फाटत होते. तो एका सुटीत तोंड पाडून घरी आला आणि जेवताना हे सगळे बोलला.

“एक पान दे इकडे,” ती म्हणाली.

तिने गाजराला चीर दिली, पान त्यात धरले, आणि पात्याने गाजरासकट पानाचे काप काढले. बशीतल्या पाण्यात ते पडले तेव्हा दिसलेही नाहीत. दोन महिने ती दुपारचे काम आटोपून स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून काप काढत होती. प्रबंधात बेचाळीस छायाचित्रे आली. बेचाळीसही तिच्या हातच्या कापांची. प्रारंभी आभार होते: मार्गदर्शकांचे, संस्थेचे, आईवडिलांच्या आशीर्वादाचे, आणि ‘कुटुंबीयांच्या सहनशीलतेचे’. तिचा हात त्या सहनशीलतेत मोजला गेला होता.

पण तेव्हा त्याने तिला सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला बसवले होते, हेही खरे.

“काय दिसतंय, वहिनी?”

“पानाच्या कातडीवर काहीतरी चिकटून बसलंय. काळी टिकली.”

“ती बुरशी. पानाचा वरचा थर मेणासारखा असतो, सहज कोणाला आत घेत नाही. ही आधी तिथे घट्ट चिकटते आणि मग एक द्रव सोडते. त्यात विकरं असतात.”

“विकार?”

“विकार नाही, विकर. काना नाही त्याला. एन्झाइम म्हणतात बघ, ते. मेण विरघळवायला एक विकर, पेशींमधला चिकटा सोडवायला दुसरं, भिंत पचवायला तिसरं.”

“म्हणजे आधी थुंकते आणि मग खाते.”

तो हसला. “अगदी तसंच. पोट अंगाबाहेर असतं तिचं.”

तिने पुन्हा डोळा लावला. 

“जखम कुठे आहे पण? चीर दिसत नाही कुठे.”

“नाहीच आहे. तेच तर माझं संशोधन. हिला जखम लागत नाही. पान धडधाकट असलं तरी ही आपलं दार आपण पाडते.”

“माणसाच्या थुंकीतही असतं का ते विकर?”

“असतं, पण ते पिठूळ पदार्थ पचवायचं. मेणापुढे त्याचं काही चालत नाही. तू दिवसभर काडी ओठांत धरतेस, विरघळली का कधी?”

त्यावर ती हसली होती. ओठांत तेव्हा काडी नव्हती.

यंदा, ठिपके दिसायच्या अठरा दिवस आधी, रोपवाटिकेत सात कुंड्या आल्या. प्रयोगशाळेचे छप्पर दुरुस्तीला उघडले होते आणि झाडे ठेवायला जागा नव्हती. खरे तर ती झाडे तिथून हलवायची परवानगीच नव्हती. आणि डॉक्टरच्या नोकरीवर कायमचा शिक्का बसायला तीन महिने उरले होते. त्याने कुंड्या स्वतः उतरवून घेतल्या आणि तिसऱ्या ओळीच्या वरच्या अंगाला, उंच फळीवर मांडल्या. पाने ठिपकेदार होती.

“आजारी आहेत का रे ही?” तिने विचारले.

“आजारी नाहीत, वहिनी. अभ्यासाची आहेत.”

तिने ते मान्य केले. शब्दाने वस्तू निर्दोष करण्याची ही विद्या शाळेत शिकवत नाहीत. ती त्यापुढे मिळते.

आता करपलेले पान हातात धरून ती त्या फळीपाशी गेली. कुंड्या नव्हत्या. फळीखालच्या शेवाळात मात्र, कुंड्यांच्या बुडांतून गळलेल्या पाण्याने पडलेले सात गोल डाग ओळीने उमटले होते.

नवरा दाराशी पिशव्यांना चिठ्ठ्या अडकवत होता. रोपवाटिका त्याच्या नावावर होती, आणि दोघा भावांत हा मोठा म्हणून सगळे त्याला थोरला म्हणत.

“अहो, त्या कुंड्या कुठे गेल्या?”

“कुठल्या कुंड्या?”

“धाकट्याच्या. सात होत्या.”

“नेल्या असतील त्याने.”

“त्यांच्या खालच्याच ओळीला करपा आलाय.”

थोरल्याने एक चिठ्ठी उलटी अडकवली, काढली, सुलटी अडकवली. “हवाच तशी आहे,” तो म्हणाला.

दोन दिवसांनी बागवाला आला. बाराशे कलमांची त्याची मागणी होती आणि त्यातली तीनशे तो आधीच घेऊन गेला होता. मेलेल्या पाखराला पायांनी धरावे तसे त्याने एक काळे पडलेले कलम बुंध्याशी धरले होते.

“मी भांडायला आलो नाही,” तो थोरल्याला म्हणाला. “पंधरा वर्षं नेतोय तुमच्याकडून. पण मी अर्ज दिलाय. तपासनीस येतील.”

“यायलाच हवेत,” कलमवाली आतून म्हणाली.

कलमे बांधणाऱ्या प्रत्येक हाताला कृषी कार्यालयाचा परवाना लागे. तिच्या परवान्याचा क्रमांक दर पिशवीवरच्या चिठ्ठीत असे. रोग हवेतून किंवा बाहेरच्या झाडांवरून आला असे ठरले, तर झाडे नष्ट करायची आणि पुढल्या हंगामाला पुन्हा लागायचे. रोग बांधणाऱ्याच्या हातून आला असे ठरले, तर परवाना जायचा, कायमचा. तिला धास्ती नव्हती. चौकशीला तज्ज्ञ म्हणून डॉक्टरच येणार होता. आणि या बुरशीला पानात शिरायला हात लागत नाही, चाकू लागत नाही, हे जगात कोणी सिद्ध केले असेल तर ते त्यानेच, तिच्या कापांवर.

तपासनीस बाई सकाळी दहाला आल्या. त्यांचे रबरी बूट त्यांच्या मापाचे नव्हते आणि दर पावलाला चिखल ते बूट आधी मागे ओढून घेई, मग सोडी. त्यांनी गोणपाट तपासले, पाणी तपासले, चाकू कागदावर पुसून कागद पाकिटात घातला. मग म्हणाल्या, “एक कलम बांधून दाखवा.”

कलमवालीने खुंट घेतला, शेंडा उडवला, काडी तासली, ओठांत धरली, चीर दिली.

बाईंचे लिहिणे थांबले. “काडी नेहमी तोंडात धरता?”

तिने मान हलवली.

“प्रत्येक?”

तिने काडी काढून चिरेत बसवली. “प्रत्येक. सुकते नाहीतर.”

“स्वच्छ धुतलेलं असतं?”

“काडी की तोंड?” बुटकीने मागून विचारले. कोणी हसले नाही.

“तुमच्या घरातच तज्ज्ञ आहेत, बरं झालं,” तपासनीस बाई डॉक्टरकडे वळल्या. “काय म्हणता?”

डॉक्टरने चष्मा पुसला. तो बोलू लागला तेव्हा त्याची भाषा घरची राहिली नव्हती. “मानवी लाळेत विकरे असतात,” तो म्हणाला. “वनस्पतीच्या पेशीभित्तिका विकरांमुळे शिथिल होतात. दमट हवेत अशा शिथिल जागी बुरशीचा प्रवेश संभवतो.”

बाईंनी तिन्ही वाक्ये उतरवून घेतली. पहिले खरे होते. दुसरेही खरे होते, फक्त ती विकरे लाळेतली नव्हेत, बुरशीची. तिसऱ्यावर कोणत्याही परीक्षेत गुण मिळाले असते. खोटे असे त्यात कुठेच नव्हते. ते वाक्यांच्या मधल्या दोन रिकाम्या जागांत होते, आणि रिकाम्या जागेवर कोणाला सही मागता येत नाही.

“अरे, पण या बुरशीला जखम लागतच नाही ना?” कलमवाली म्हणाली. “तूच दाखवलंस. कातडी शाबूत होती आणि ही आत.”

“तुम्ही कुठे पाहिलंत?” बाईंनी तिला विचारले.

“सूक्ष्मदर्शकात. काप मीच काढले होते.”

तपासनीस बाईंनी डॉक्टरकडे पाहिले. तो ओशाळल्यासारखे हसला, पण तिच्या वतीने. “वहिनींनी तेव्हा थोडी मदत केली होती. घरात ऐकून ऐकून माणसाला अर्धंमुर्धं कळतं.”

“आणि त्या कुंड्या?” ती म्हणाली. “करपलेली झाडं होती सात. या फळीवर. खाली डाग आहेत अजून.”

सगळे फळीकडे वळले. खालची जमीन ताजी खरवडलेली होती; शेवाळाचा मागमूस नव्हता. कडेला फावडे टेकवले होते आणि त्याच्या पात्याला हिरवे ओले चिकटले होते.

“पाय घसरत होते,” थोरला म्हणाला. “सकाळीच साफ केलं.”

“कुंड्या होत्या का इथे?” बाईंनी त्याला विचारले.

थोरल्याने आधी भावाकडे पाहिले नाही, बायकोकडेही नाही. फावड्याकडे पाहिले. “नव्हत्या,” तो म्हणाला. “हिला दुसरीकडच्या आठवत असतील.”

कलमवालीच्या हातात पट्टीचे टोक होते. कलम अर्धेच आवळले होते. तिने उरलेले वेढे दिले, गाठ मारली, आणि पिशवी ओळीत नीट उभी करून ठेवली.

अहवाल आठवड्याने आला आणि नियमाप्रमाणे फाटकावर चिकटवला गेला. टंकलेखकाच्या बोटाने त्यात स्वतःचे थोडे संशोधन घातले होते. ‘कलम बांधणाऱ्या महिलेच्या लाळेतील विकारामुळे रोपांस करप्याची लागण झाल्याचे तज्ज्ञांचे मत आहे. परवाना रद्द.’

एक काना. दुपारपर्यंत तो सगळ्यांनी वाचला होता.

संध्याकाळी शेजारीण आली आणि कलमवालीच्या मांडीवर बसलेले आपले पोर, त्याला भूक लागलीय असे म्हणत, उचलून घेऊन गेली. पोर जेवून आले होते. दुसऱ्या दिवशी मजुरांचा चहा आला तेव्हा तिचा कप इतरांपासून वेगळा, खिडकीत ठेवला होता. तो तिथे कोणी ठेवला हे तिने विचारले नाही, कारण थोरला खिडकीकडे पाठ करून उभा होता, आणि त्याची पाठ तिला वाचता येत असे. दवाखान्यातली परिचारिका एक डबी घेऊन आली.

“थुंका यात.”

ती थुंकली.

“अजून थोडं.”

तोंड कोरडे पडले होते. परिचारिका घड्याळात बघत उभी राहिली, आणि कलमवाली चार माणसांच्या देखत तोंडात लाळ गोळा करत राहिली. चार दिवसांनी कागद आला: दोष आढळला नाही. तो फाटकावर चिकटवण्याचा नियम नव्हता.

बुटकी तेवढी खिडकीतला कप उचलून तिचा उरलेला चहा पिऊन टाकी. “माझी वाढ आधीच खुंटलीय,” ती म्हणे. “अजून काय व्हायचंय?”

त्याच आठवड्यात कलमे जाळली. कोरडा पालापाचोळा मिळत नव्हता, ओले लाकूड पेटत नव्हते. रॉकेल ओतावे लागले. कलमवाली पिशव्या फाडून कलमे उपटी, मुळांची माती झटकी, आणि कवेत भरून खड्ड्याशी नेई. नऊशे कलमे होती. सांध्यांवरच्या पट्ट्या आधी वितळत आणि त्यांचा तिखट धूर डोळ्यांत जाई. पट्टी वितळली की आतला सांधा दिसे. बहुतेक सांधे पक्के जुळलेले होते. हे तिच्याखेरीज कोणी पाहत नव्हते.

रविवारी डॉक्टर आला. तिने दार उघडले.

“या भाऊजी. चहा घेणार का तुम्ही?”

तो उंबऱ्यावरच थबकला. पंचवीस वर्षांत तिने त्याला ‘तुम्ही’ म्हटले नव्हते. “असं काय, वहिनी,” तो म्हणाला, पण ती आत गेली होती.

थोरल्याने विषय काढला, आणि तो काढताना त्याचा आवाज खरोखर भरून आला. “अरे, ते एक अक्षर तरी सुधार. लोक माझ्या घरचं पाणी पीत नाहीत.”

“टंकनाची चूक आहे दादा. आत्ता करतो.”

दोघे भाऊ फाटकापर्यंत गेले. डॉक्टरने खिशातले पेन काढले, काना खोडला, शेजारी आद्याक्षरे घातली, तारीख घातली. चार माणसे जमली. त्याने त्यांना समजावले: विकार नव्हे, विकर; तो रोग नाही, प्रत्येकाच्या लाळेत असतो, तुमच्याही. लोकांनी माना डोलावल्या. शेजारीण दुसऱ्याच दिवशी पोराला घेऊन आली. कप खिडकीतून परत ताटाळ्यात गेला.

“बघ,” थोरला तिला म्हणाला, “केलं ना त्याने.”

सगळ्यांना हायसे वाटले. घरात न्याय झाल्यासारखे वातावरण होते. खोट्याचे शुद्धलेखन तेवढे सुधारले होते.

“काना गेला,” चहाचा कप डॉक्टरपुढे ठेवत ती म्हणाली. “वाक्य आहे तिथेच आहे.”

डॉक्टरने कपाचा कान दोन-तीनदा फिरवला. “वहिनी, झाडं बाहेर नेली हे कळलं तर मला उद्या काढतील. दीड महिना. शिक्का बसला की मी स्वतः खटपट करून तुझा परवाना परत आणतो.”

“कशाच्या आधारावर? लाळ बदलून?”

“काहीतरी काढता येईल.”

“तुम्हाला येईल,” ती म्हणाली. “आणि तोवर मी काय करू?”

“तोवर माती भर ना,” थोरला मध्येच म्हणाला. “तोंडाला फडकं बांध, म्हणजे कोणी बोलायला नको. बुटकीला मदत होईल.”

“मला मदत नकोय,” बुटकी ओसरीवरून म्हणाली.

तीन आठवडे तिने माती भरली. माती, शेणखत, वाळू. घमेल्यात कालवायचे, पिशवीत ठासायचे, पिशवी जमिनीवर दोनदा आपटायची. तोंडावरचे फडके श्वासाने ओले होई आणि नाकाला चिकटे. तिच्या ठोकळ्यावर दोन नव्या मुली बसत, रबरी हातमोजे घालून. त्यांच्या काड्या सुकत. त्या तिच्याकडे बघत, आणि ती पिशवी आपटे.

भरलेल्या पिशव्या मागच्या अंगाला न्यायच्या असत. तिथे पुढल्या हंगामाची खुंटरोपे होती: कोयी पेरून उगवलेली, वीतभर उंचीची. त्या दिवशी पिशव्या ठेवून ती उठत होती तेव्हा तिला टाचणीच्या टोकाएवढे काळे ठिपके दिसले.

ती खाली बसली. एकेक रोप तिने मातीपासून शेंड्यापर्यंत बघितले. पाने उलटी करून, खोडावरून नखाची पाठ फिरवून. खोडे गुळगुळीत, अखंड होती. या रोपांना कधी चाकू लागला नव्हता. ओठ लागले नव्हते. हातसुद्धा लागला नव्हता. चाळीसेक रोपांवर करपा होता, आणि त्यांतल्या एकालाही जखम नव्हती. तिने फडके हनुवटीखाली ओढले आणि तोंड उघडून श्वास घेतला.

तपासनीस बाईंची दुसरी फेरी नेमकी दुसऱ्या दिवशी होती.

जेवताना तिने ते थोरल्याला सांगितले. सांगावे की नाही हा प्रश्न तिला पडला नाही. रोपवाटिका त्याची होती, रोग सांगायचा तो त्यालाच.

“उद्या बाईंना मागची रोपं दाखवायची. चाकू लागलेला नाही त्यांना. आता कोणाला काही बोलता येणार नाही.”

थोरला घास चावत राहिला. “किती आहेत?”

“चाळीसेक. कुंपणाकडच्या दोन ओळी.”

“बरं,” तो म्हणाला. मग त्याने तांब्या उचलून स्वतः तिच्या भांड्यात पाणी ओतले. असे तो सहसा करत नसे. तिला वाटले, त्याला आता लाज वाटते आहे, आणि तेवढ्यावर तिने त्याला मनातल्या मनात निम्मे माफ करून टाकले. कित्येक दिवसांनी तिला सलग झोप लागली.

उजाडताना तिला जाग आली ती आवाजाने. ओली काडी मोडल्याचा आवाज. तिच्या कानाला दुसरा कुठलाही आवाज इतका ओळखीचा नव्हता. ती चपला न घालता मागच्या अंगाला गेली.

थोरला कुंपणापाशी वाकला होता. शेजारी गोणी उघडी होती. तो रोप मुठीत धरून हिसका देई. निम्मी उपटत, निम्मी मध्येच मोडत, आणि मोडलेली तो पुन्हा दुमडून गोणीत कोंबी. दोन्ही ओळी रिकाम्या झाल्या होत्या. तिने गोणीत पाहिले. खोडे सोललेली, फाटलेली, पिळवटलेली होती. त्यांत धडधाकट असे एकही रोप उरले नव्हते. प्रत्येकाला आता जखम होती.

तो ताठ उभा राहिला. हात कोपरापर्यंत चिखलाने भरले होते.

“तो माझा भाऊ आहे,” तो म्हणाला.

“आणि मी?”

तो विचारात पडला. तिला दिसत होते की तो टाळत नव्हता, खरोखरच शोधत होता. मग त्याला सापडले.

“तू समजूतदार आहेस.”

जाळीवरून थेंब पडत होते. तो पुन्हा वाकला, गोणीचे तोंड गोळा केले आणि ती जमिनीवरून ओढू लागला. गोणी शेजारच्या ओळीला घासत चालली; त्या ओळीतली रोपे निरोगी होती. त्यांची पाने हलली, पाणी उडाले.

“ओढू नका,” ती म्हणाली.

तो थांबला.

“थेंब उडतात. त्यातूनच जाते ती बुरशी. गोणी उचलून न्या. आणि बुंधे तसेच ठेवलेत सगळे, ते खणून काढा, मुळासकट. पडलेली पानं आधी वेचायला हवी होती. त्यांत राहते ती, वर्षभर.”

थोरला तिच्याकडे बघत राहिला. मग त्याचा चेहरा सैल झाला. “मला ठाऊक होतं,” तो म्हणाला, “तू समजून घेशील.” त्याने गोणी दोन्ही हातांनी उचलली, छातीशी धरली, आणि सांगितल्याप्रमाणे जपून पावले टाकत खड्ड्याकडे गेला.

ती गुडघ्यांवर बसली. पाने काळी आणि मऊ झाली होती, चिमटीत धरली की बोटांवरच विरत. ती एकेक उचलून डाव्या हाताच्या तळव्यावर रचत गेली. दोन्ही ओळी संपल्या. मग तिने खाली वाकून पाहिले. कुंपणालगतच्या फळ्यांच्या खाली, जिथे कोणी झाडत नसे, तिथेही वाऱ्याने पाने सरकली होती. ती चिखलात पोटावर आडवी झाली, आणि खांद्यापर्यंत हात आत घातला.